एका बाजूचं मीठ

"त्याला दालवाने मारलेलं नाही. एवढं सिद्ध करा, मला बाकी काही नको."

शनिवारी सकाळी पासोस शहरातल्या एका लहानशा ऑफिसात शिरलेल्या बाईने खुर्चीवर टेकायच्या आधीच हे सांगून टाकलं. निवाल्दोने नुकतीच चीजच्या गरम गोळ्यांची पिशवी फोडली होती. ती त्याने घाईघाईने टेबलाखाली सारली.

"वर काढ ती," लावीनिया म्हणाली. "बाई रात्रभर गाडी चालवून आल्यात. त्यांनाही पोट आहे."

लावीनियाने अर्धं आयुष्य कोर्टात साक्षी टाइप करण्यात घालवलं होतं. लोक खोटं कसं बोलतात ते ऐकून ऐकून तिला पाठ झालं, आणि मग तिने हे तपासाचं ऑफिस थाटलं. निवाल्दो तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, आधी बसचा ड्रायव्हर. आता तो लावीनियाची गाडी चालवायचा आणि तिला ताई म्हणायचा. आपणही तपास करतो असा त्याचा समज होता, आणि तो कोणी मोडला नव्हता.

आलेल्या बाईचं नाव देबोरा. बेलो होरिझोंतेत तिचं चीजचं दुकान होतं, तिचं एकटीचं. डोंगरातल्या शेतकऱ्यांकडून थेट चीज घ्यायचं आणि त्यांच्या नावाने विकायचं, असा तिचा खटाटोप.

"कानास्त्राच्या डोंगरात ग्रोता फुंदा म्हणून दरी आहे," ती म्हणाली. "दालवा तिथली. नवरा गेला, तेव्हापासून गोठा आणि चीज एकटी ओढते. आणि ओतासिलियो म्हणजे दलाल. त्याच्या ट्रकशिवाय त्या दरीत दुसरा ट्रक चढत नाही. तो म्हणेल तो भाव, तो म्हणेल तो दिवस. गुरुवारी मी दालवाला म्हटलं, तुझं चीज मी घेते. नेमका त्याच वेळी तो आला."

"आणि भांडण झालं."

"तो ओरडला, माझ्या मुठीतून आजवर कोणी सुटलेलं नाही म्हणून. त्यावर दालवा म्हणाली..." देबोरा अडखळली. "म्हणाली, 'एक दिवस तुलाच या चीज मुरवायच्या खोलीत कोंडते, ओतासिलियो. जरा मुरशील.' हसत म्हणाली हो. पण सगळ्यांसमोर."

"आणि काल पहाटे तो त्याच खोलीत मेलेला सापडला."

"बाहेरून कुलूप. किल्ली एकच, तीही दालवाच्या गळ्यात. आज संध्याकाळी तिला तुरुंगात नेणार आहेत." देबोराचे डोळे भरून आले. "मी गेलेच नसते तर हे काही घडलं नसतं."

लावीनियाने तिला रडू दिलं. मग विचारलं, "त्या खोलीत तुम्ही गेला होतात?"

"सकाळी, भांडणाच्या आधी. दालवा चीजच्या चकत्या उलटत होती. रोज उलटाव्या लागतात, नाहीतर खालची बाजू ओली राहून कुजते. सगळ्या उलटून झाल्यावर मी फोटो काढला." तिने मोबाइल पुढे केला. मांडण्यांवर ओळीने चार बोटं जाडीच्या पिवळ्या चकत्या, प्रत्येकीवर शेताचा ठसा, आणि मधे घाम पुसणारी दालवा. "आणखी एक गोष्ट. बाजारात तिच्या ठशाचं जेवढं चीज दिसतं, तेवढं दूध तिच्या गाई देतच नाहीत. ओतासिलियो काहीतरी लबाडी करत होता, हे नक्की."

लावीनिया फोटोकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, असं निवाल्दोला वाटलं.

*

ग्रोता फुंदात उतरताना धुकं इतकं दाट होतं की निवाल्दोला स्वतःच्याच गाडीचं नाक दिसेना. दरीला वाट एकच. तिन्ही बाजूंनी कडे, आणि चौथ्या बाजूला एक पूल, त्यावर पोलिसांचा शिपाई. इथे जन्मलेली माणसं बाहेर तरी कशी पडत असतील, असं त्याच्या मनात आलं.

दालवा स्वयंपाकघरात बसली होती. दारात सार्जंट पेशोतो उभा होता, देहाने दाराएवढा आणि चेहऱ्याने ओशाळलेला.

"मीही हिचंच चीज खातो, दोना लावीनिया," तो म्हणाला. "पण दुसरं कोण असणार, सांगा. खिडकीची जाळी शाबूत, कुलूप शाबूत."

दालवा पन्नाशीची, सुकलेली, मनगटं मात्र पुरुषासारखी. ती हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि त्या हातांचं काय करावं हे तिला उमगत नव्हतं.

"गाईचं दूध कोण काढतंय?" लावीनियाने विचारलं.

पहिला प्रश्न हा असेल असं दालवाला वाटलं नव्हतं. तिचा चेहरा थोडा सैलावला. "सार्जंट काढू देतो. चीजही लावू देतो, पण मागे शिपाई उभा. चीज काही सुट्टी देत नाही, बाई. नवरा गेला त्या दिवशीही मी लावलं होतं. पहाटे दूध, मग चीज लावायचं, मग मुरवणीच्या चकत्या उलटायच्या, दुपारी मीठ, दिवस कलला की आदल्या दिवशीच्या चकत्या फळीवर घालून मुरवायला आत, की पुन्हा गोठा. एक दिवस चुकला की पिंगो मेला. आणि पिंगो मेला की घर मेलं."

"पिंगो म्हणजे?" निवाल्दोने विचारलं. शहरातला माणूस तो. चीज त्याला फक्त खायला माहीत.

दालवा उठली. तिने शेजारच्या खोलीतलं उतरतं दगडी टेबल दाखवलं. टेबलावर साच्यांत ताज्या चकत्या होत्या आणि टोकाला, बादलीत, पिवळसर पाणी थेंब थेंब पडत होतं.

"सकाळी वरच्या बाजूला मीठ लावायचं. त्याने जे पाणी सुटतं ते फेकायचं. दुपारी चकती उलटून दुसऱ्या बाजूला मीठ. त्यानंतर रात्रभर जे ठिबकतं तो पिंगो. उद्याच्या दुधाला हाच लावायचा. आजच्यातून उद्याचं, उद्याच्यातून परवाचं. माझ्या सासूच्या सासूपासून असंच चाललंय."

"म्हणजे विरजणच की."

"काहीही म्हण, बाबा. पण हा कोणी विकत नाही आणि कोणी नाकारत नाही. आज शेजाऱ्याचा बिघडला, उद्या माझा बिघडेल. कालच झेलिया आली होती बाटली घेऊन. माझी जाऊ, वरच्या शेतावरची. तिला पिंगो दिला, ती गेली, आणि मग मी चकत्या उलटायला ती खोली उघडली." ती थांबली. "शेवटच्या मांडणीमागे त्याचे बूट दिसले."

"गुरुवारी कुलूप कधी लावलंत?"

"देबोराला फाटकापर्यंत पोचवून आले तेव्हा. ट्रकचा आवाज ऐकला, वाटलं गेला एकदाचा. आत डोकावलेही नाही. कुलूप घातलं आणि त्याच दारासमोर अंगणात घेवडा सोलत बसले. कोणी आलं नाही, गेलं नाही. कुलूप उघडलं ते थेट काल पहाटे. सार्जंटलाही तेच सांगितलं."

"बघा," सार्जंट हताशपणे म्हणाला. "स्वतःच्याच तोंडाने सांगते."

"खरं ते सांगते," दालवा म्हणाली. "खोटं बोलून सुटता येत असेल, तर ते मला शिकवलेलं नाही कोणी."

*

मुरवायची खोली घराच्या पाठीला होती, जाड भिंतींची. उंचावर एक जाळीची खिडकी, दिवा नाही. आत आंबूस, गार वास. सार्जंटने सील काढलं आणि टॉर्च दिला.

"काल पहाटेपासून कोणी काही हलवलं?"

"फक्त मयत. डोक्याची मागची बाजू मांडणीच्या या दगडी पायावर आपटली होती. डॉक्टर म्हणतात, गुरुवारी दुपारीच गेला."

पुढच्या मांडण्यांवर ठसे वर होते, फोटोतल्यासारखे. सगळ्यात मागची मांडणी दारातून दिसत नव्हती. तिथे लावीनिया बराच वेळ वाकून उभी राहिली.

"निवाल्दो, इथे ये. काय दिसतं?"

"चीज."

"नीट बघ."

त्याने नीट बघितलं. या मांडणीवरच्या चकत्यांचा ठसा दिसत नव्हता. तो खाली गेला होता. मधल्या फळीवर डावीकडच्या चकत्यांचा ठसा खाली, उजवीकडच्यांचा वर, आणि दोहोंच्या मधे एक चकती कडेवर उभी, भिंतीला टेकवलेली.

"झटापटीत हलली असणार," सार्जंट म्हणाला.

"झटापटीत चकती खाली पडते, सार्जंट. अशी अलगद भिंतीला टेकून उभी राहत नाही." लावीनियाने टॉर्च विझवला. अंधारात खोली एकदम आवळल्यासारखी झाली. निवाल्दोला वाटलं, आता बाहेरून कुलूप पडलं तर? तो सगळ्यांच्या आधी बाहेर आला आणि धुकं का होईना, पोटभर श्वास घेतला.

*

ट्रकचा ड्रायव्हर वाग्नेर मृताचा भाचा. तो पुलाजवळ टायरवर बसून दात कोरत होता.

"मामा गेला याचं वाईट वाटतं का?" लावीनियाने सरळच विचारलं.

"तुम्ही माझ्या मामाला भेटला नव्हता वाटतं," वाग्नेर म्हणाला. "जेवताना माझे घास मोजायचा तो. गुरुवारी म्हणाला, ट्रक घेऊन पुलापाशी थांब, मी इथलं आटपून मागच्या पायवाटेने जेनेझियोकडे जातो आणि तिथून खाली येतो. थांबलो. झोपलो. अंधार पडायला आला तरी पत्ता नाही. वाटलं, उसाची दारू लागली असेल जेनेझियोकडे. गेलो घरी."

"या डोंगरात राहून चीजचं काम येत असेल तुला."

"मला? मी चकत्या विटांसारख्या रचतो. दोना दालवा एकदा मला झाडूने मारायला धावली होती."

गाडीत बसल्यावर निवाल्दो म्हणाला, "ताई, हाच आहे. मामा मेला, ट्रक याचा."

"आणि हा बाहेर कसा पडला? जाळीतून? पोट बघितलंस त्याचं?"

निवाल्दोने स्वतःचं पोट आत ओढून गाडी सुरू केली.

*

जेनेझियो दालवाच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. मागच्या पायवाटेने त्याचं शेत हाकेच्या अंतरावर, पण गाडीला मोठा वळसा. माणूस मवाळ बोलणारा, डोळे जागरणाने सुजलेले.

"वहिनीने केलं असेल असं मी मरेन पण म्हणणार नाही," तो म्हणाला. "पण रागाच्या भरात माणूस काय करेल, सांगता येत नाही. या ओतासिलियोने आम्हा सगळ्यांना पिळून काढलं होतं."

"गुरुवारी तो तुमच्याकडे यायचा होता म्हणे."

"यायचा होता. आलाच नाही. मी दिवसभर घरीच. एकटा होतो, झेलिया आईकडे गेली होती ना. दूध, चीज, मीठ, सगळं मीच केलं."

"रात्री आले तर हे अंथरुणात," झेलिया कॉफी ओतत म्हणाली. बोलघेवडी, एप्रनला सतत हात पुसणारी बाई. "न जेवता. म्हटलं, एक दिवस बायको नाही तर एवढं दमायचं? सकाळी बघते तर पिंगोची बादली कोरडी. हे म्हणाले, वास मारत होता, ओतून दिला. मग पळाले बाटली घेऊन वहिनींकडे. काय माहीत होतं हो, तिथे..."

"होतो कधी कधी खराब," जेनेझियो म्हणाला. "हवा दमट आहे."

झेलियाने पेरूची वडी आणि चीजचे जाड तुकडे पुढे ठेवले. "हे गुरुवारचंच. कालचं अजून ओलं आहे. आमचं म्हणजे वहिनींच्याच तोडीचं हो. तेच पाणी, तेच गवत. फक्त नाव नाही आम्हाला."

निवाल्दोला आग्रहाची गरज नव्हती. चीज पांढरं, घट्ट, एकही भोक नाही, वास दुधासारखा गोड. त्याने दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा हातात घेऊन विचारात पडला.

"काय झालं?" लावीनियाने विचारलं.

"काही नाही. वरून खारट आहे, खालून अगदी अळणी. भाकरीच्या एकाच बाजूला लोणी लावावं तसं."

"निवाल्दो," लावीनिया म्हणाली, "पाहुण्याने नावं ठेवू नयेत." पण तिने स्वतः एक तुकडा उचलला, आधी वरून चाखला, मग खालून, आणि उरलेला रुमालात बांधला.

जेनेझियो खिडकीबाहेर बघत होता. झेलियाचा चेहरा पडला. घरच्या चीजला अळणी म्हटलेलं तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

*

दिवस कलायला लागला, तसं लावीनियाने सगळ्यांना दालवाच्या मुरवायच्या खोलीत बोलावलं. देबोरा, वाग्नेर, जेनेझियो, झेलिया आणि दालवा. सार्जंटच्या हातात बेड्या होत्या आणि त्या कोणासाठी आणल्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"दार लावा, सार्जंट. आतूनच. आपण थोडं थांबणार आहोत."

"कशासाठी?"

"थांबण्यासाठी."

दार लागलं. जाळीतून येणाऱ्या उजेडात माणसांच्या नुसत्या आकृत्या उरल्या. वेळ जाईना. वाग्नेर भिंतीला टेकून चुळबुळू लागला. देबोरा रुमाल पिळत होती. निवाल्दोला घाम फुटला, गारठ्यातही. दालवा दाराजवळच्या मांडणीपुढे उभी होती. शेवटी तिलाच राहवलं नाही.

"सार्जंट, कालपासून कोणी उलटल्या नाहीत या. उलटू का?"

"नको," लावीनिया म्हणाली. "आणि जेनेझियो, तुम्हीही नको."

सगळे वळले. जेनेझियो मागच्या मांडणीशी उभा होता. कडेवर उभी असलेली चकती त्याच्या हातात होती, फळीवर अर्धी टेकलेली. ती आपण कधी उचलली हे त्याला स्वतःलाच कळलं नसावं. त्याने विस्तव धरल्यासारखा हात मागे घेतला.

"सवय," तो पुटपुटला. "हात राहत नाहीत."

"तेच तर," लावीनिया म्हणाली. "गुरुवारीही राहिले नाहीत."

झेलियाने नवऱ्याकडे बघितलं.

"आपण सगळे एका कुलपाभोवती फिरत होतो," लावीनिया सांगू लागली. "दालवाने दुपारी कुलूप लावलं आणि पहाटे उघडलं. मधे कोणी आत गेलं नाही, बाहेर आलं नाही. मग मारणारी तीच. पण हे तिने सांगितलं, आणि ते चूक होतं."

"मी खोटं नाही बोलले," दालवा म्हणाली.

"नाही, मोजायला विसरलात. दिवस कलला की आदल्या दिवशीच्या चकत्या कुठे नेता?"

दालवा हळूच म्हणाली, "आत. इथे."

"गुरुवारीही नेल्यात?"

"रोज नेते. त्यात सांगायचं काय?" आणि मग तिच्या लक्षात आलं. "अगं बाई. कुलूप काढलं होतं मी."

"श्वास किती वेळा घेतला असं विचारलं तर कोण सांगणार? तसंच हे. तुम्ही खांद्यावर फळी घेऊन आत आलात, इथे दाराशी टेकवलीत आणि दुसरी आणायला गेलात. दार उघडं. खोलीत अंधार. मागच्या मांडणीआड जो दुपारपासून अडकून बसला होता, तो त्या वेळी निसटला. तुम्ही परत येऊन कुलूप घातलंत. आत उरला तो एकटा ओतासिलियो."

सार्जंटने बेड्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. "म्हणजे दालवाने दोघांना कोंडलं होतं?"

"नकळत. आणि ती दारासमोर घेवडा सोलत बसली. आता विचार करा. पायाशी मयत, बाहेर वहिनी, सुटका नाही. असा माणूस काय करेल? घाबरट असेल तर रडेल, देवभोळा असेल तर जप करेल. या माणसाचे हात मांडणीवर गेले आणि चकत्या उलटू लागले. जन्मभर तेच केलेलं. मधल्या फळीवर अर्ध्यात आला, तेवढ्यात कुलपात किल्ली वाजली. हातातली चकती त्याने आवाज न करता भिंतीला टेकवली. ती अजून तशीच होती, आत्तापर्यंत."

"चकत्या दालवाही उलटते," वाग्नेर म्हणाला.

"तिने त्या सकाळीच उलटल्या होत्या. देबोराकडे फोटो आहे, ठसे सगळे वर. एकदा उलटलेली पुन्हा उलटली तर ओली बाजू परत खाली जाते. दालवा ते करणार नाही. देबोराने तर ते डोळ्यांनी बघितलं होतं. तू चकत्या विटांसारख्या रचतोस. उरला तो चीज करणारा, ज्याला माहीत नव्हतं की आजचं उलटणं झालंय."

"या दरीत चीज करणारे खूप आहेत," जेनेझियो म्हणाला. आवाज कोरडा होता.

"आहेत. पण गुरुवारी दुपारी स्वतःच्या चीजला मीठ न लावलेला एकच आहे." लावीनियाने रुमाल सोडला. "हे तुमचं गुरुवारचं. निवाल्दोची जीभ खोटं बोलत नाही, तेवढी एकच गोष्ट त्याच्याकडे भरवशाची आहे. वरून खारट, खालून अळणी. सकाळचं मीठ लागलं, दुपारचं लागलं नाही. दुपारचं मीठ नाही, म्हणून पिंगो ठिबकला नाही. म्हणून बादली कोरडी. तुम्ही म्हणालात, वास मारत होता. ज्या चकत्यांतून तो ठिबकायचा त्या चकत्या मी आज खाल्ल्या. एक भोक नाही, वास गोड. पिंगो बिघडला नव्हता, जेनेझियो. तो नव्हताच. कारण मीठ लावायच्या वेळी तुम्ही घरी नव्हता, या मांडणीआड होता."

दालवा दाराजवळून मागच्या मांडणीकडे आली.

"कशासाठी?" दालवाने विचारलं. लावीनियाला नव्हे, दिराला.

जेनेझियो जमिनीवर बसला. "माझं चीज तो तुमच्या ठशाने विकायचा, वहिनी. ठसे त्याने बनवून घेतले होते. मी पहिल्यांदा हो म्हटलं, आणि मग सुटताच येईना. गुरुवारी पायवाटेने त्याला गाठायला आलो. म्हटलं, आता ही शहरातली बाई आलीय, सगळं उघडं पडेल, मला सोड. तुम्हाला दिसू नये म्हणून इथे मागे उभं राहून बोलत होतो, तेवढ्यात तुम्ही कुलूप घातलं. तो हसायला लागला. म्हणाला, 'हाक मार वहिनीला. उघडू दे. मग सांगू तिला, तिचं नाव लावून कोण पोट भरतं.' आणि दाराकडे निघाला. मी मागे ओढलं. एवढंच. ओढलं फक्त." त्याने दगडी पायाकडे बघितलं. "तुम्ही बाहेर गुणगुणत होता. मी हाक मारणार होतो. खरंच मारणार होतो. पण जितका वेळ जाई तितकी ती अवघड होत गेली."

"आणि काल? आज?" दालवा म्हणाली. "माझ्या हातात बेड्या पडायच्या आधी तरी हाक मारायचीस. मी या घरात आले तेव्हा तू एवढासा होतास. माझ्या हातचं मीठ खाऊन वाढलास तू."

सार्जंटने त्याला हाताला धरून उठवलं. दारातून जाताना तो झेलियाला म्हणाला, "आजच्या दुपारच्या राहिल्यात. मीठ लाव." झेलिया त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती.

*

धुक्यामुळे लावीनिया आणि निवाल्दो रात्री तिथेच राहिले. पहाटे निवाल्दो उठला तो गाईंच्या हंबरण्याने. दालवाच्या नव्हे, वरच्या शेतावरच्या. कोणी दूध काढलं नव्हतं.

दालवा बादलीपाशी उभी राहून बाटली भरत होती. तिने बूच लावलं, शाल ओढली आणि पायवाटेला लागली. लावीनिया तिच्या मागे निघाली, म्हणून निवाल्दोही.

झेलिया पायरीवर बसली होती, कालच्याच कपड्यांत. दालवाने बाटली पुढे केली.

"नको," झेलिया म्हणाली. "काल मीठ लावायला गेले, हात चालले नाहीत. सगळं तसंच पडलंय. मी आता चीज लावणार नाही."

"गाई ओरडताहेत."

"ओरडू दे. शुक्रवारी मी तुमच्याकडून पिंगो घेऊन गेले, वहिनी. तुमच्याच दारातून. त्याच्यासाठी."

"तेव्हा मला माहीत नव्हतं," दालवा म्हणाली. "आज माहीत आहे, आणि तरी आणलाय. घे. पिंगो कोणी नाकारत नाही."

झेलियाने बाटली घेतली आणि छातीशी धरली. दालवाने दाराआडची दुधाची बादली उचलली आणि ती आधी गोठ्यात शिरली.